ब्लॉक्डच्या समोरचा रकाना

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कोणीतरी काही बोलतं, बाकीचे हसतात, चहा संपतो आणि ते वाक्य तिथेच खुर्चीखाली पडून राहतं. आमच्या घरात अशी वाक्यं पुष्कळ आहेत, कारण ऑफिसच आमच्या घरात आहे. इथे हिंदी मुलखात, रिसालीतल्या आमच्या घराचा पुढचा हॉल म्हणजे मोठ्या बाबांची सॉफ्टवेअर कंपनी! मी अकरावीत आहे आणि फारसं बोलत नाही, त्यामुळे ऐकायला मला भरपूर वेळ मिळतो.

मैत्रिणींना हे किस्से सांगितले की त्या खूप हसतात. मग कोणीतरी विचारतंच, "वो निशा दीदी आजकल कहाँ है?" तिथे मी पाणी प्यायला उठते.

या वेळी उठणार नाही.

*

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून कंपनी काढली. कंपनी म्हणजे तीन माणसं. स्वतः मोठे बाबा. कोड लिहिणारे साहू भैया, जे नंदिनी नगरहून स्कूटीवर यायचे. आणि त्यांनी लिहिलेलं तपासणारी निशाताई, रुआबांध्याची. तिचे आईवडील अमरावतीकडचे, म्हणून ती आमच्याशी मराठी बोलायची. काम एकच होतं, एका खासगी शाळेच्या बसचं अ‍ॅप. मूल बसमध्ये चढलं की घरी मेसेज, उतरलं की मेसेज.

मोठ्या बाबांनी प्लांटमधली एक पद्धत जशीच्या तशी उचलून आणली होती. तिथे पाळी बदलताना जाणारा माणूस काय बिघडलंय ते तोंडाने सांगतो, येणारा तेच मोठ्यांदा परत म्हणून दाखवतो आणि मग दोघं रजिस्टरवर सही करतात. आमच्या हॉलमध्ये हे रोज संध्याकाळी पाच वाजता व्हायचं. निशाताईने सांगायचं, साहू भैयांनी परत म्हणायचं.

साहू भैयांचा पहिलाच दिवस होता. निशाताईने सांगितलं आणि भैया अगदी हळू पुटपुटले. मोठे बाबा ओरडले, "अरे, फर्नेसजवळ असा बोलला असता ना, तर कोणाले ऐकूच नसतं आलं! जोरसे!"

भैया उभे राहिले आणि पूर्ण ताकदीने म्हणाले, "बच्चा बस में चढ़ गया है और उतर ही नहीं रहा है!"

आई स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं घेऊनच धावत आली. "कोणाचं लेकरू? कोणत्या बसमधे?"

सगळे इतके हसले की मोठ्या बाबांना ठसका लागला. मीही हसले. आता हा किस्सा सांगताना मी तो शक्यतो लवकर संपवते.

*

निशाताई कुठलीही गोष्ट तीनदा करून पाहायची. एकदा चाललं म्हणजे नशीब, दोनदा चाललं म्हणजे योगायोग, तिसऱ्यांदा चाललं की मगच ती पास म्हणायची. आमच्या दारावरची घंटीसुद्धा ती तीनदा वाजवायची. आई म्हणायची, "हिच्यासाठी दार उघडायले जायची घाईच नाही, अजून दोन बाकी हायेत."

एकदा आम्ही दोघी गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो. पहिला खाल्ल्यावर ती ठेलेवाल्याला म्हणाली, "भैया, तीखा कम है." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यात त्याने रागाने एवढं तिखट घातलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती डोळे पुसत माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पाह्यलं? तीनदा सांगितलं का दुरुस्त होते!"

साहू भैया तिच्या या सवयीने वैतागायचे. एकदा हात जोडून म्हणाले, "दीदी, भगवान भी एक बार में मान जाते हैं!"

निशाताईने स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "म्हणूनच त्याच्या कामात एवढे बग हायेत."

*

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

निशाताईचं सॉफ्टवेअर वेगळं होतं आणि साहू भैयांचं वेगळं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासण्यांची यादी असायची. काय करून पाहायचं, काय व्हायला हवं आणि प्रत्यक्षात काय झालं. त्यापुढे चारपैकी एक शेरा. पास, फेल, नॉट रन म्हणजे अजून करूनच पाहिलेलं नाही, आणि ब्लॉक्ड म्हणजे करून पाहायचं आहे पण मध्ये काहीतरी अडलं आहे. भैयांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटं असायची. प्रत्येक बिघाडाचं, म्हणजे बगचं, एक तिकीट, आणि त्यावर 'करायचं आहे', 'चालू आहे' किंवा 'झालं'.

ही दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नव्हती. मग इकडचं तिकडे कोण टाइप करणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी. मोठ्या बाबांनी मला माझं लॉगिनसुद्धा काढून दिलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

मोठ्या बाबांसमोर, पाच वाजता, निशाताई सभ्य भाषेत बोलायची. मनातलं सगळं मात्र ती लिहून काढायची. "हे डोळे मिटून लिहिलं का?" "हेच मागच्या हप्त्यात पण सांगितलं होतं, कान कुठे होते?" मला असलं काही भैयांच्या स्क्रीनवर टाकवेना. म्हणून मी टाइप करायचे, "कृपया एकदा पाहावे." "आपल्या सवडीने दुरुस्त करावे, ही विनंती."

महिनाभराने साहू भैया घरून डबाभर ठेठरी, बेसनाची कुरकुरीत तळलेली, घेऊन आले आणि तो निशाताईसमोर ठेवला. "दीदी, आज तक किसी टेस्टर ने इतनी इज़्ज़त से नहीं लिखा."

निशाताईने त्यांच्या स्क्रीनवर जाऊन सगळी तिकिटं वाचली. मग ती माझ्याकडे आली. मी टेबलाखाली शिरण्याच्या बेतात होते.

"काय व पोट्टे, तू माझ्या बगले पावडर लावून राहिली का?"

सगळे हसले. ती मात्र माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि हळू म्हणाली, "जे दिसलं ते लिहायचं, रेणू. कोणाले वाईट वाटंल म्हणून कमी नाही करायचं. तुले वाईट वाटंल म्हणून तर बिलकुलच नाही."

ठेठरी आम्ही तिघांनी मिळून संपवली.

*

हा किस्सा नाहीच खरं तर. यात हसण्यासारखं काही नाही, पण मध्ये येतोच.

माझी शाळा सुरू होणार होती. मोठे बाबा म्हणाले, "पोरीले कुठवर टाइप करायले लावायचं? दोन्ही सॉफ्टवेअर जोडून टाकू." इंटिग्रेशन! महिनाभर घरात तोच शब्द. एकदा जोडलं की निशाताईने फेल म्हणताच भैयांकडे तिकीट आपोआप तयार होणार. भैयांनी 'झालं' केलं की निशाताईकडे आपोआप पास.

त्यासाठी एक पान भरायचं होतं. डावीकडे निशाताईचे चार शेरे, उजवीकडे भैयांचे तीन. कशासमोर काय ते निवडायचं. भैया शाळेच्या माणसांशी फोनवर बोलत होते. मला खुणेने म्हणाले, "रेणू, तुम भर दो, अंग्रेज़ी तो तुम्हारी अच्छी है."

फेलसमोर 'करायचं आहे'. नॉट रनसमोर तेच. पाससमोर 'झालं'. ब्लॉक्डसमोर काय? उजवीकडे ब्लॉक्ड नव्हतंच. रकाना रिकामा ठेवला तर सेव्हचं बटण दाबलं जाईना.

निशाताई माझ्यापासून तीन खुर्च्या दूर बसली होती. मी उठले. ती एका कागदावर काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते. मध्येच बोललं तर तिचं मोजणं चुकेल, असं मला वाटलं. मी परत बसले. थांबलेलं आहे म्हणजे आता त्यात करण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं.

ब्लॉक्डसमोर मी 'झालं' निवडलं आणि सेव्ह केलं.

*

जोडणी सुरू केली त्याच दिवशी साहू भैयांनी एका तिकिटावर लिहिलं, "ठीक है." ते आपोआप निशाताईकडे गेलं. तिच्या सॉफ्टवेअरला वाटलं की कोणीतरी नवीन काही लिहिलंय, म्हणून त्याने ते भैयांकडे पाठवलं. भैयांच्या सॉफ्टवेअरने परत इकडे. प्रत्येक वेळी मोठ्या बाबांच्या फोनवर टुंग!

सुरुवातीला मोठे बाबा खूश होते. "पाहा, कशी आपसात बोलून राहिली!" मग टुंग थांबेचना. त्यांनी फोन उशीखाली ठेवला. मग तांदळाच्या डब्यात. भैया घामाघूम होऊन सेटिंग शोधत होते आणि तोंडाने म्हणत होते, "अई ददा! अई ददा!"

जेवायच्या वेळेपर्यंत 'ठीक है'ची पानंच्या पानं भरली होती. मोठे बाबा ताटावर बसून म्हणाले, "एवढी वर्षं फर्नेसपाशी काढली मी. पण माझ्या आदेशाले एवढ्यांदा 'ठीक है' कोणं म्हटलं नाही!"

भैयांनी ते थांबवलं. मलाही वाटलं की आता सगळं ठीक आहे.

*

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बाबांनी रजिस्टर कपाटात ठेवून दिलं. "आता सॉफ्टवेअर बोलते. तुम्ही तोंड कावून शिणवता?"

पाच वाजले की हॉलमध्ये काहीच व्हायचं नाही. सुरुवातीला निशाताई सवयीने उभी राहायची आणि मग पाण्याची बाटली उचलून, जणू त्याचसाठी उठली होती असं दाखवायची.

दोघं शेजारी बसून दिवसभर एक शब्द बोलत नसत. भांडण नव्हतं, फक्त गरज नव्हती. एकदा मी शाळेतून आले तर निशाताई खुदकन हसली. भैयांनी तिच्या नावे एक तिकीट उघडलं होतं. "दीदी के डिब्बे में आम का अचार है क्या? प्राथमिकता: अति गंभीर."

दोघांमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं!

निशाताईने लोणच्याची शेवटची फोड तोंडात टाकली, बोट चाटलं आणि तिकिटावर उत्तर लिहिलं, "तीनदा पाहिले. आढळले नाही."

*

यापुढचं मी मैत्रिणींना कधीच सांगितलेलं नाही.

निशाताईच्या यादीत एक तपासणी होती. मुलाच्या घरचे दोन नंबर असतील तर मेसेज दोन्हींवर जातो का? तिच्याजवळचं दुसरं सिम त्या दिवशी चालू नव्हतं. तिने तपासणीसमोर ब्लॉक्ड लिहिलं आणि चुलतबहिणीच्या लग्नासाठी अमरावतीला गेली. ब्लॉक्डचं भैयांकडे तिकीट तयार झालं, पण ते जन्मलंच 'झालं' होऊन. तिकडे 'झालं' दिसलं म्हणून इकडे तिच्या नावासमोर आपोआप पास लागलं. यादी पूर्ण हिरवी झाली. भैयांनी अ‍ॅपची नवी आवृत्ती शाळेला दिली.

पाच वाजता दोघांनी बोलायची पद्धत चालू असती, तर ती जाण्यापूर्वी उभी राहून म्हणाली असती, "दोन नंबरांचं राह्यलं हाय." आणि भैयांनी ते मोठ्यांदा परत म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात निशाताई परत आली, आणि त्याच दिवसांत रस्त्याच्या कामामुळे बस दुसऱ्या वाटेने गेली. दुसरीतली एक मुलगी नेहमीच्या थांब्याऐवजी पुढच्या वळणावर उतरली. मेसेज फक्त तिच्या बाबांच्या नंबरवर गेला. ते प्लांटमध्ये पाळीवर होते, फोन लॉकरमध्ये. आई रोजच्या थांब्यावर उभी. तासाभराने मुलगी सापडली, सायकलच्या दुकानात बसून मजेत बिस्किटं खात होती. तिला काहीच झालं नव्हतं.

संध्याकाळी तिची आई शाळेच्या सरांबरोबर आमच्या हॉलमध्ये आली. सर बरंच बोलले. उठताना मुलीच्या आईने एवढंच विचारलं, "किसी ने जाँचा था क्या?"

मोठ्या बाबांनी निशाताईचा स्क्रीन उघडला. पास. शेजारी निशाताईचं नाव.

"मी ब्लॉक्ड टाकलं होतं," निशाताई म्हणाली.

"मंग पास कोणं केलं?"

"नाही माहीत, काका. मी नाही केलं."

"नाव तर तुझंच हाय."

"इंटिग्रेशनमुळे झालं असंल..."

"मशीनवर नको ढकलू, निशा," मोठे बाबा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "चुकलं तर चुकलं म्हणावं माणसानं."

मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पास दिसताक्षणी मला तो रकाना आठवला होता. ट्रे पुढे न्यायचं सोडून मी एक पाऊल मागे सरकले. आई म्हणाली, "घाबरली पोरगी, तू आत जा."

मी आत गेले.

*

निशाताईला कोणी काढलं नाही. मोठ्या बाबांनी रजिस्टर परत बाहेर काढलं आणि एवढंच सांगितलं की यापुढे निशाचं काम साहू पुन्हा तपासेल. साहू भैया तपासताना तिच्याकडे बघत नसत. ती घंटी आता एकदाच वाजवायची.

त्या दिवसांत ती रोज लवकर यायची. मी शाळेसाठी हॉलमधून बाहेर पडायचे तेव्हा ती खुर्चीत बसलेली असायची, कॉम्प्युटर बंद, हात मांडीवर. मला वाटायचं, दमली असेल. मी चपला घालायचे, ती म्हणायची, "निघाली का?" मी म्हणायचे, "हो." रोज हेच.

असे पंधरा दिवस. मग तिने नोकरी सोडली. आता रायपूरला आहे. जाताना तिने आईसाठी लोणच्याची बरणी आणली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर मला मिळालेली ती सगळ्यात वाईट शिक्षा आहे.

*

आता शेवटचा.

या उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी ती दोन्ही सॉफ्टवेअर बंद करायची ठरवलं. मला म्हणाले, "जुन्या तपासण्या उतरवून ठेव व, रेणू." मी माझ्या जुन्या लॉगिनने आत गेले. आधी ते पान उघडलं. ब्लॉक्डसमोर आता 'करायचं आहे' होतं. बदल कोणी केला तेही खाली लिहिलेलं असतं. निशाताईने, तिच्या त्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या सुरुवातीला. आणि त्याच्या वरच्या ओळीत, तिच्या आधी ते पान भरणाऱ्याचं नाव. माझं.

म्हणजे तिने पाहिलं होतं. रकाना दुरुस्त केला होता आणि कोणाला काही बोलली नव्हती.

मग यादीच्या अगदी तळाशी गेले. शेवटची तपासणी त्याच दिवसांतली होती. बसशी तिचा काही संबंध नव्हता.

"तपासणी: रेणू आपणहून सांगते का.
पायरी १: लवकर यायचं.
पायरी २: कॉम्प्युटर लावायचा नाही.
पायरी ३: काही विचारायचं नाही.
काय व्हायला हवं: सांगते."

शेरा फेल नव्हता. नॉट रन होता.

सकाळचे नऊ वाजले होते. हॉलमध्ये मोठे बाबा पोहे खात होते, साहू भैया नुकते येऊन हेल्मेट काढत होते, आई चहा ओतत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ब्लॉक्डचं पास माझ्यामुळे झालं. ते पान मी भरलं होतं."

"काय म्हटलं?" मोठे बाबा म्हणाले. "जोरानं बोल."

मी जोरात बोलले. एवढ्या मोठ्यांदा मी त्या हॉलमध्ये कधीच बोलले नव्हते. साहू भैया हेल्मेट हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मोठ्या बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग ते ताठ बसले आणि पाळी बदलताना म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "चूक रेणूची होती. निशाची नव्हती."

मग त्यांनी फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्यापुढे धरला.

"हॅलो? काका?" निशाताईचा आवाज. मागे तिच्या नव्या ऑफिसची गडबड ऐकू येत होती.

"मी रेणू आहे," मी म्हणाले, आणि सांगितलं. सगळं. तो रकाना, पाण्याचा ट्रे, चपला घालतानाचे ते पंधरा दिवस.

मग ती म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. मध्ये एकदा रडले.

"परत."

तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज कापला नाही.

फोन चालू होता. पलीकडून फक्त की-बोर्डच्या बटणांचा आवाज आला, एखादा छोटा शेरा टाइप करावा तसा, टक, टक, टक, आणि थांबला.